सक्करदऱ्याचं अंगण आणि आठ यंत्रं

मे महिन्यात नागपूरला निघाले आहे असं मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे आधी नीट पाहून घेतलं. एका शेजारणीने पांढरा कांदा आणून दिला आणि पर्समध्ये ठेवायला सांगितलं. ऊन बाधत नाही म्हणे. मी विज्ञानाची बाई, त्यामुळे हसून तो टेबलावर ठेवला आणि निघताना गुपचूप पर्समध्ये टाकला.

जायचं कारण सहलीचं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमच्या पुण्याच्या संस्थेत एक वेगळंच यंत्र तयार होत होतं. मोठा संगणक विकत घेणं परवडत नव्हतं आणि परदेशातून कुणी द्यायला तयार नव्हतं, म्हणून आठ लहान संगणक तारांनी जोडून त्यांच्याकडून एकच मोठं काम करून घ्यायचं, असा आमचा उद्योग. बोलायला सोपं आहे. पण आठ जणांना एका कामाला लावलं की काय होतं हे ज्याने घरात एक लग्न पार पाडलंय त्याला सांगायला नको. कोणी काय करायचं, कुणाकडून काय मागून घ्यायचं, हे सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. ही वाटणी करणारा जो प्रोग्राम, तो आमचा कंपायलर. इंजिनिअर मंडळींनी एका संगणकासाठी लिहिलेला जुना प्रोग्राम त्याच्या पोटात घालायचा आणि त्याने तो आठांसाठी उलगडून द्यायचा.

यातला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे कोणी कुणाकडे कधी मागायचं तो, कुंदा मेश्रामचा होता. कुंदा माझी विद्यार्थिनी. चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी, आणि ते दोनही विचार करून. तिच्या डॉक्टरेटचा विषयच हा. दीड वर्षापूर्वी तिच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ती नागपूरला परत गेली. तिथल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. बाकी काम ती तिथून पोस्टाने पाठवायची, मी ते इथे यंत्रावर चढवायची.

आणि ते अडकत होतं. रोज नव्हे, तेच तर दुखणं. कधी दिवसभर सुरळीत चालायचं, कधी अर्ध्या तासात आठही यंत्रं एकदम गप्प. प्रत्येकावर एक लाल दिवा होता, तो पेटला की समजायचं, हा कुणाची तरी वाट पाहतोय. आठही दिवे पेटलेले आणि सगळे एकमेकांची वाट पाहत बसलेले. तारा जोडणारे म्हणायचे प्रोग्राम चुकलाय, आम्ही म्हणायचो तारा सैल आहेत. जूनमध्ये समितीसमोर प्रात्यक्षिक होतं. शेवटी विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, कुंदाचा भाग काढून टाकू, दुसऱ्या गटाने एक साधी पद्धत केली आहे, हळू चालते पण अडकत नाही. तो भाग निघाला म्हणजे तिच्या प्रबंधात उरणार होती प्रस्तावना आणि आभार. ते म्हणाले, "तुम्ही प्रत्यक्ष जाऊन सांगा. तिने स्वतःहून मागे घेतलं तर बरं दिसेल."

असा निरोप घेऊन मी गाडीत बसले होते. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भुसावळनंतर खिडकी उघडी ठेवली तरी त्रास आणि बंद केली तरी त्रास, एवढं पुरे.

सक्करदरा

कुंदा स्टेशनवर आली होती. सायकलरिक्षात बसल्याबरोबर तिने माझ्या डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला, कानांसकट. मी आरशात पाहिलं नाही हे बरं झालं. सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्ते रिकामे व्हायला लागले होते. पुण्यात आम्ही एक ते चार झोपतो म्हणून सारा महाराष्ट्र आम्हाला हसतो. नागपूर मे महिन्यात दहा ते सहा दार लावून घेतं, त्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.

तिचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून जवळ. पुढे मोठं अंगण, अंगणात कडुनिंब, खिडकीला कूलर. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पलंगावर बाबा. उंच, सरळ माणूस. आजाराने उजवी बाजू गेली होती, पण बसायचे ते अगदी ताठ. सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये, सिग्नल ओढण्यात गेलेली. जीभ जड झाली होती, एकेक शब्द वेचून काढायला वेळ लागायचा. मी नमस्कार केला. ते कितीतरी वेळाने म्हणाले, "गाडी... वेळेवर... होती?"

मी म्हटलं, "चाळीस मिनिटं उशीर."

त्यांनी अशी मान हलवली जणू मी त्यांच्याच हाताखालच्या माणसाची तक्रार केली.

आईंचं मात्र उलट. त्यांना शब्द वेचायची गरज पडत नव्हती. "या न बाई, बसा न. काहून एवढ्या वाळल्या वं ह्या पोरी, पुण्याले जेवण देत नाही काय कोणी? आमची कुंदा बी अशीच आली होती, काडीसारखी." मी पन्नाशीला आलेली, भरल्या अंगाची बाई. मला काडी म्हणणारं माणूस मला पहिल्याच भेटीत आवडलं.

जेवायला वडाभात होता. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: मोकळा भात, त्यावर डाळीचे खमंग वडे कुस्करून घालायचे आणि वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची, हात आखडता न घेता. आमच्याकडे फोडणी चमच्याने मोजून घालतात. इथे आई पळी घेऊन माझ्या मागे उभ्या. मी पानावर हात आडवा धरला तर त्यांनी हाताच्या पलीकडून ओतली. पुण्याच्या माणसाला "पुरे" म्हटल्यावर समोरचा थांबेल याची सवय असते. इथे "पुरे" हा जेवणातला पहिला शब्द धरतात.

अशा जेवणानंतर निरोप कसा सांगायचा? उद्या सांगू, म्हणून मी कूलरसमोर आडवी झाले.

अंगणातलं यंत्र

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच कुंदाने उठवलं. "ताई, तुम्ही विचारता ना मी यंत्राशिवाय तपासते कसं? चला, दाखवते."

तिच्या कॉलेजात एकच संगणक होता, आणि एकट्यावर आठांचं भांडण कसं कळणार? तेव्हा तिने माणसं लावली होती. कडुनिंबाखाली चटईवर गोल करून चौघं बसले होते. आई, शेजारच्या लीलाबाई, लीलाबाईंची सून आणि समोरचे हरिभाऊ, जे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. प्रत्येकापुढे एक ताट, ताटात चिंचोके. मधे चिंचोक्यांची टोपली.

खेळ असा होता. लोखंडाच्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते, हा प्रोग्राम. चिंचोके म्हणजे उष्णता. प्रत्येकाने आपल्या डाव्या-उजव्या शेजाऱ्याला "द्या" म्हणायचं. ज्याला मागितलं त्याने आपल्या ताटात जेवढे चिंचोके असतील तेवढे टोपलीतून मोजून वाटीत घालून पुढे करायचे. मग मागणाऱ्याने त्या मानाने आपले कमी-जास्त करायचे आणि पुढची फेरी. ज्याची त्याची गती वेगळी, सगळ्यांनी एकदम मागावं म्हणून कुणी टाळी वाजवायची नाही. आणि एक नियम कुंदाने सगळ्यांना पाठ करून घेतला होता: एकदा मागितलं की उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसायचं, दुसरं काही करायचं नाही. तिने कंपायलरला हेच शिकवलं होतं, शब्द न् शब्द.

मी ओट्यावर चहा घेऊन बसले. काय सांगू! आमच्या यंत्राला जे महिनोन्महिने जमत नव्हतं ते इथे गप्पा मारत चाललं होतं.

"द्या न हरिभाऊ."

"घेजा. सात झाले पाहा."

"लीलाबाई, तुमची सून झोपून राहिली काय?"

"नाही वं, मोजून राहिली थे. नवीन हाय न."

वाट्या फिरत होत्या, बांगड्या वाजत होत्या. मध्येच भाजीवाला ओरडत गेला तरी कुणी अडलं नाही. कुंदा मागे उभी राहून प्रत्येक फेरीला चिंचोके मोजत होती आणि आकडे बरोबर येत होते. ऊन अंगणात उतरलं तसे सगळे उठले. लीलाबाई मला म्हणाल्या, "आमी किती महिन्यांपासून हे खेळून राहिलो मॅडमबाई. कुंदाची पीएचडी झाली का आमाले बी अर्धी पाहिजे."

"असं आहे, ताई," कुंदा हळूच म्हणाली. "इथे एकदाही अडकलं नाही. मग तिथेच का?"

तिच्या चेहऱ्यावरची ती खात्री पाहून मी रिकामा कप उचलून उठले. मी म्हटलं, तारा सैल असतील. निरोप तसाच राहिला.

रामटेक

पाहुणीला रामटेक दाखवलं नाही तर आईंच्या मते मी पुण्याला जाऊन नागपूरची बदनामी केली असती. तेव्हा तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने कुंदा आणि मी निघालो. कामठी मागे पडली, यंत्रमागांची खडखड बसमध्येसुद्धा ऐकू येत होती. मग भाताची कापणी होऊन उघडी पडलेली शेतं, आणि मध्येच टेकडी.

गडाच्या पायऱ्यांपाशी कुंदा म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथे सावलीला बसते." मी एकटी चढले. देऊळ सुंदर आहे, वरून दिसणारं पाणी आणि शेतं त्याहून सुंदर. पण माझ्या लक्षात राहिलं ते माकड. मी नारळाची पिशवी छातीशी धरून उभी होते. त्याने समोर येऊन शांतपणे माझ्या साडीचा पदर ओढला, मी पदर सावरायला हात सोडला आणि पिशवी गेली. इतक्या सभ्यपणे मला कुणी लुटलं नव्हतं. शेजारी फुलं विकणारी बाई म्हणाली, "थे माहीतगार हाय बाई. आधी पदर धरते."

खाली आले तेव्हा कुंदा पायरीवर बसून कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावत होती. तिथे, त्या निवांत सावलीत, मी सगळं सांगून टाकलं. समिती, जून, दुसऱ्या गटाची पद्धत, "स्वतःहून मागे घेतलं तर बरं दिसेल" हेसुद्धा. मधाचं बोट लावलं नाही. मला ते येत नाही.

तिने कैरीची फोड हातातच धरली होती.

"तुम्ही हे सांगायला आलात?"

"हो."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुझ्या आईने फोडणी ओतली ना वरून."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने फोड परत पुडीत ठेवली. मग म्हणाली, "ताई, आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. बाबा ड्यूटीवरून यायचे आणि मी अभ्यास करत असले तर दार वाजवायचे नाहीत, बाहेर ओट्यावर बसायचे. पुस्तक मिटल्याचा आवाज आला की मग आत. मी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी केबिनमधल्या सगळ्यांना पेढे आधीच वाटले आहेत. आता ते नीट बोलू शकत नाहीत, तरी रोज मला विचारतात, झालं का." तिने डोळे पुसले नाहीत, कारण रडत नव्हती. "चुकलं असेल तर मी मागे घेईन. पण काय चुकलं ते कळू द्या. न कळता कसं मागे घेऊ?"

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. म्हटलं, उद्या सकाळी एकदा पुन्हा बसू या. त्यातून काही निघेल असं मला वाटत नव्हतं, पण नाही म्हणवेना. परतीच्या बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. तिने कधी असं केलं नव्हतं.

शेवटची सकाळ

सकाळी एक अडचण निघाली. लीलाबाईंची सून कामठीला माहेरी गेली होती. कुंदा बसायला निघाली तर मी म्हटलं, तू मागे उभी राहा, मी बसते. नियम मला माहीत आहे.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. "मी... बी."

आई म्हणाल्या, "अहो तुम्ही कायले? हात चालत नाही न."

"डावा... चालते."

त्यांना धरून बाहेर आणलं, पाठीशी लोड लावला. असे आम्ही पाच जण: आई, लीलाबाई, त्यांच्या शेजारी मी, माझ्यापलीकडे बाबा, मग हरिभाऊ. बाबा पहिल्यांदाच बसत होते, म्हणून कुंदाने त्यांना नियम पुन्हा सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि ताठ बसले, हाताशी सिग्नलचा दांडा असावा तसे. मीही बसले. आता पुण्याच्या माणसाला एक नियम द्या आणि गंमत पाहा. दुपारी दुकान बंद म्हणजे बंद, समोर गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं तरी कुलूप निघणार नाही. मी तर त्यातही कडक समजली जाते.

कुंदा पन्हं आणायला आत गेली. आम्ही सुरू केलं. पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. बाबा हळू होते, डाव्या हाताने एकेक चिंचोका उचलत, पण चूक नाही. मग एका फेरीला मी बाबांकडे वळून म्हटलं, "द्या." आणि नेमकं त्याच क्षणी बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "द्या."

मी थांबले. मी मागितलं होतं, आता उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसायचं. बाबाही थांबले. त्यांनीही मागितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत बसलो.

लीलाबाई मला म्हणाल्या, "द्या न." मी हलले नाही. त्या बसल्या वाट पाहत. पलीकडून हरिभाऊंनी बाबांकडे मागितलं. बाबा ढिम्म. आईंनी हरिभाऊंकडे मागितलं आणि त्यांनी दिलं, पण पुढच्या फेरीला आईंना लीलाबाईंचं हवं होतं आणि लीलाबाई तर अजून माझी वाट पाहत जुन्याच फेरीत. हळूहळू सगळं अंगण थांबलं. कडुनिंबावरचा कावळा तेवढा ओरडत होता.

"काहून थांबल्या वं तुम्ही?" लीलाबाईंना राहवेना. "मी कवाची मागून राहिली. मोजून द्या न, हात तर रिकामाच हाय तुमचा."

"मला देता येत नाही. मी बाबांकडे मागितलंय," मी म्हटलं. "नियम आहे."

"अन् बाबा, तुम्ही?"

बाबांनी शब्द जुळवले. "सिग्नल... नाही... पडला. गाडी... नाही... सोडत."

कुंदा पन्ह्याचे पेले घेऊन दारात आली होती. ती तिथेच उभी राहिली. आमच्याकडे, मग ताटांकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं. पेल्यांचं ताट तिने न बघताच ओट्यावर ठेवलं, एक पेला कलंडला.

"हेच," ती म्हणाली. "आठ लाल दिवे. हेच."

माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन शेजाऱ्यांनी एकाच क्षणी एकमेकांकडे मागायचं, बस्स. रोज होत नाही, पण झालं की दोघं कायमचे बसले, आणि त्यांच्यामागे सगळे.

"पण मग इतके महिने इथे का नाही झालं?" कुंदा आईंसमोर उकिडवी बसली. "आई, तू लीलाबाईंकडे मागून थांबलेली असताना त्यांनीच तुला मागितलं, तर तू काय करायचीस?"

"काय करायचीस म्हणजे? देत होती न."

"पण तू वाट पाहत होतीस! मी सांगितलं होतं, दुसरं काही करायचं नाही!"

"हाव, सांगतलं होतं." आईंना यात काही गैर दिसत नव्हतं. "मी बसूनच होती न. पण थे मागून राहिली, अन् माह्याजवळ आहे. माही वाटी आली नाही म्हणून तिले बी बसवून ठेवू काय? माणूस मागते तर देत नाही काय कोणी?"

"आमी बी असंच करत होतो," हरिभाऊ म्हणाले. मास्तर असून त्यांनी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं.

कुंदा रागाने लाल झाली होती. "म्हणजे सगळ्या चाचण्या खोट्या! सगळे महिने! नियम मोडून बसलात तुम्ही सगळे, आणि मी आकडे मोजत बसले, हाताकडे पाहिलंच नाही!" ती उठून कडुनिंबाशी पाठ करून उभी राहिली. लीलाबाई ओशाळून पदराशी चाळा करू लागल्या. आईंचा चेहरा उतरला. मला त्या माउलीची दया आली, आणि कुंदाचीही. काय चुकलं ते कळलं होतं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे आता ती मागे घ्यायला मोकळी होती.

मग ती वळली. राग गेला होता, कपाळावर ती ओळखीची आठी आली होती, जी मी प्रयोगशाळेत शंभरदा पाहिली होती.

"ताई, त्यांनी नियम मोडला आणि चाललं. तुम्ही पाळला आणि अडलं."

"हो."

"मग मोडला तोच नियम करायचा. वाट पाहायचीच, पण वाट पाहता पाहता कुणी मागितलं तर द्यायचं. देताना आपला जुनाच आकडा द्यायचा, अर्धवट बदललेला नाही. तेवढं सांभाळलं की झालं." ती आईंजवळ येऊन बसली. "आई, तू हेच करत होतीस न? जुनेच चिंचोके देत होतीस न?"

"मंग? अर्धं मोजलेलं कोण देईन?"

आम्ही पुन्हा बसलो, नव्या नियमाने. कुंदाने मुद्दाम मला आणि बाबांना एकाच वेळी मागायला लावलं. मी "द्या" म्हटलं, बाबांनी "द्या" म्हटलं, आणि मी वाट पाहता पाहता त्यांची वाटी भरली. बाबांनी डाव्या हाताने माझी. दोन चिंचोके सांडले, ते त्यांनी स्वतःच वेचून परत घातले आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. ऊन चटईपर्यंत आलं तरी कुणी उठेना. लीलाबाईंनी शेवटी स्वतःच्या डोक्यावर एक सूप धरलं आणि दुसऱ्या हाताने खेळत राहिल्या.

गाडीची वेळ होईपर्यंत कुंदाने बदल लिहून दिले, फार नव्हतेच. आईंनी संत्रा बर्फी, मडक्यावर भाजलेल्या लांब पोळ्या आणि एक बाटली आंबील असं बांधून दिलं. मी निघताना बाबांच्या पाया पडले. आमच्यात असं कुणाच्याही पाया पडायची पद्धत नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसावं, कारण त्यांनी डावा पाय घाईने मागे घेतला.

स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी कुंदा खिडकीशी आली. त्यांच्या घरी फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात होता. "ताई, या आठवड्यात मी रोज दुपारी बारा ते एक त्या दुकानात बसेन. चाललं तर फोन करा. नाही चाललं तर करू नका, मी समजून घेईन. तुम्हाला ते तोंडाने सांगायला लागू नये."

पुणे

आल्या आल्या बदल चढवले. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहून सांगितलं, तीन दिवस सलग चालवून दाखवा, मग बोलू. पहिला दिवस चाललं. मी कुणाशी बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून नव्हे, पण नाही बोलले. दुसरा दिवस चाललं, तिसराही. लाल दिवे पेटायचे आणि विझायचे, पेटायचे आणि विझायचे. तारा जोडणारी मंडळीसुद्धा येऊन उभी राहायला लागली. फोन करावा असं तिन्ही दिवस बारा वाजता वाटलं. पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस. ती तिकडे औषधाच्या दुकानात बसलेली असणार आणि एक वाजता उठून उन्हातून घरी जात असणार हे मला माहीत होतं, आणि त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख आले. त्यांनी आकडे पाहिले, दुसऱ्या गटाचे आकडे शेजारी ठेवले, आणि म्हणाले, "ठीक आहे. मेश्राम बाईंचाच भाग राहू द्या. जूनमध्ये त्यांना यायला जमेल का विचारा."

बाराला मी फोन लावला. लाइन लागेना, मग लागली. एकदाच घंटा वाजली आणि तिकडे उचलला गेला. कुणी हॅलो म्हणालं नाही. मला नुसता श्वास ऐकू आला, आणि मग मी एक शब्द बोलायच्या आत तिचं रडणं. मोठ्याने, दुकानातल्या गिऱ्हाइकांची पर्वा न करता. मी काही सांगितलं नव्हतं. फोन वाजला होता, तेवढंच.

मी फोन कानाला घट्ट धरला. मग मागे कुणीतरी विचारलं, बहुधा लीलाबाई, "काय झालं वं, काहून रडून राहिली?" आणि कुंदा फोन तोंडाशी तसाच धरून त्यांना म्हणाली, "रिक्षा बोलवा न वं काकू. बाबाले इथं आणा. ताईच्या तोंडून त्याहिलेच आधी ऐकू द्या."